गणवेश उतरवल्यानंतरची साठ वर्षे

कानपूरच्या आर्यनगर भागात एक साधा दवाखाना होता. सकाळी तिथे गोरगरीब बायकांची गर्दी होई. कुणी पहिलटकरीण, कुणी तापाने फणफणलेले पोर कडेवर घेऊन आलेली, कुणी सुनेला तपासायला घेऊन आलेली सासू. फी नाममात्र. ज्यांना तीही परवडत नसे, त्यांना फुकट. तपासणाऱ्या डॉक्टरबाई पांढऱ्याशुभ्र केसांच्या, सुती साडीतल्या, कुणाच्याही आजीसारख्या दिसणाऱ्या. २००६ साली त्यांनी वयाची ९२ वर्षे पूर्ण केली, तेव्हाही त्या रुग्ण तपासतच होत्या.

या आजींचा एक जुना फोटो आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेच्या पुस्तकात किंवा एखाद्या दिवाळी अंकात पाहिलेला असतो. डोक्यावर लष्करी टोपी, अंगात खाकी गणवेश, ताठ मान आणि शेजारी नेताजी सुभाषचंद्र बोस. त्या कॅप्टन लक्ष्मी. आझाद हिंद सेनेतील ‘झाशीची राणी’ पलटणीच्या प्रमुख.

फोटोतील तरुणी आणि दवाखान्यातील आजी या एकच, हे आपल्याला ऐकून माहीत असते. पण फोटो १९४३ चा आणि त्यांचे निधन २३ जुलै २०१२ रोजी झाले, वयाच्या ९७ व्या वर्षी. मधल्या काळाचे काय? गणवेश जेमतेम दोन वर्षे अंगावर होता. तो उतरवल्यानंतर त्या सहा दशकांहून अधिक काळ जगल्या, नुसत्या जगल्या नाहीत, राबल्या. त्यांची खरी ओळख त्या फोटोत जितकी आहे, त्याहून अधिक या मधल्या वर्षांत आहे.

आजोळच्या अंगणात

लक्ष्मी स्वामीनाथन यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९१४ रोजी मद्रासमध्ये झाला. वडील एस. स्वामीनाथन मद्रास उच्च न्यायालयातील नामांकित वकील. आई अम्मू स्वामीनाथन स्वातंत्र्य चळवळीतील कार्यकर्त्या, पुढे घटना समितीच्या सदस्य. घरात सुबत्ता होती, इंग्रजी वळण होते. परंतु चळवळीचे वारे शिरले आणि परदेशी कपड्यांची होळी याच घराने आपल्या हाताने केली.

त्यांचे आजोळ मलबारात, आनक्करा गावी. तिथला एक प्रसंग त्यांच्या चरित्रात नेहमी सांगितला जातो. आजोळच्या घरातून भोवतालच्या रानातल्या, डोंगरातल्या लोकांच्या हाका ऐकू येत. आजीचे म्हणणे असे, की या लोकांची सावलीसुद्धा विटाळ करणारी. छोट्या लक्ष्मीने एके दिवशी काय करावे? त्यांच्यातल्याच एका मुलीजवळ ती सरळ चालत गेली, तिचा हात धरला आणि तिला खेळायला घेऊन आली! आजी संतापली, नातही संतापली. पण त्या दिवशी माघार नातीने घेतली नाही.

आजी-नातीचे हे भांडण आज वाचताना हसू येते. पण पुढच्या साऱ्या आयुष्याची पायवाट त्या अंगणातूनच निघालेली दिसते. ज्याला शिवायचे नाही असे सांगितले, त्याचा हात धरायचा. पुढे हेच त्यांनी डॉक्टर म्हणून केले, सैनिक म्हणून केले आणि म्हातारपणीही केले.

१९३८ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजातून त्या एम.बी.बी.एस. झाल्या. पाठोपाठ स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्राची पदविका घेतली. पहिले लग्न टिकले नाही. १९४० मध्ये त्या सिंगापूरला गेल्या आणि तिथे दवाखाना थाटला. रुग्ण बहुतेक हिंदुस्थानातून मजुरीसाठी आलेले. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. जपानी फौजा आल्या, ब्रिटिश सैन्य शरण गेले आणि युद्धकैदी झालेल्या हिंदी सैनिकांतून आझाद हिंद सेना आकाराला येऊ लागली.

वीस बायका आणि उसन्या रायफली

जुलै १९४३ मध्ये सुभाषबाबू सिंगापुरात आले. स्त्रियांची एक स्वतंत्र लढाऊ पलटण उभारायची, असा विचार त्यांनी जाहीरपणे मांडला. तो ऐकून अनेकांच्या भुवया उंचावल्या असतील! डॉ. लक्ष्मींनी मात्र घरोघरी फिरून विसेक बायका गोळा केल्या. पुरुष सैनिकांकडून रायफली उसन्या घेतल्या. आयुष्यात बंदुकीला हात न लावलेल्या या बायकांनी साड्या नेसून, जड रायफली पेलत कवायतीचा सराव केला आणि १२ जुलैला नेताजींना मानवंदना दिली. मग नेताजींनी डॉक्टरांना भेटीला बोलावले आणि पलटणीची जबाबदारी त्यांच्यावर सोपवली. चाललेला दवाखाना त्यांनी बंद केला.

२१ ऑक्टोबर १९४३ रोजी आझाद हिंदचे हंगामी सरकार स्थापन झाले. त्याच्या मंत्रिमंडळातील त्या एकमेव स्त्री. सावंतवाडीजवळच्या तिरोड्याचे जगन्नाथराव भोसले याच मंत्रिमंडळात सेनेचे एक प्रतिनिधी होते. दुसऱ्याच दिवशी, २२ ऑक्टोबरला, सिंगापूरच्या वॉटर्लू स्ट्रीटवर स्त्रियांची प्रशिक्षण छावणी सुरू झाली. आणखी दोन दिवसांनी कॅप्टन लक्ष्मी २९ वर्षांच्या झाल्या.

पलटणीला नाव दिले झाशीच्या राणीचे. मोरोपंत तांब्यांची लेक मणिकर्णिका १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ लढता लढता पडली. तिच्या नावाने पंचाऐंशी वर्षांनी, समुद्रापार, तमिळ बोलणाऱ्या मुली उभ्या राहिल्या, ही गोष्ट आपण मराठी माणसांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे. कारण यातल्या कितीतरी मुली मलायातील रबराच्या मळ्यांतल्या मजुरांच्या होत्या. त्यांचा जन्म तिथलाच. ज्या देशासाठी त्या लढायला निघाल्या, तो देश त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता! सेनेतला व्यवहार हिंदुस्थानीत, तोही रोमन लिपीत. तेव्हा कवायतीबरोबर भाषाही शिकायची. रायफल, संगीन, लांब पल्ल्याच्या कूच, जखमींची शुश्रूषा असे सारे शिक्षण त्यांना मिळाले. पलटणीची संख्या किती, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. कुणी हजार म्हणते, कुणी त्याच्या निम्म्याहूनही कमी.

१९४४ मध्ये पलटणीच्या तुकड्या ब्रह्मदेशात गेल्या. पण तोवर इंफाळची मोहीम फसली होती. आघाडीवर जाऊन प्रत्यक्ष लढण्याची संधी या मुलींना मिळाली नाही. ही गोष्ट झाकून ठेवायचे कारण नाही. मेमियोच्या छावणीत त्यांच्या वाट्याला आले ते तापाने, भुकेने आणि जखमांनी खंगलेले सैनिक. बॉम्बवर्षावात त्यांची सेवा करणे हे लढण्यापेक्षा सोपे काम होते, असे कोण म्हणेल?

एप्रिल १९४५ मध्ये रंगून सोडावे लागले, तेव्हा या मुली सुखरूप बाहेर पडल्याशिवाय आपण निघणार नाही, असा नेताजींनी हट्ट धरला. वाहने मिळेनाशी झाल्यावर ते त्यांच्याबरोबर रात्री-अपरात्री पायी चालले. कॅप्टन लक्ष्मी त्या वेळी वेगळ्या ठिकाणी होत्या. ब्रह्मदेशाच्या डोंगराळ भागात त्या ब्रिटिशांच्या हाती लागल्या आणि मार्च १९४६ पर्यंत त्यांना तिथेच अटकेत ठेवले गेले. मग त्यांना हिंदुस्थानात पाठवले.

इथे चित्रपट असता तर संपला असता.

बिठूरच्या शेजारी

आझाद हिंद सेनेतलेच कर्नल प्रेमकुमार सहगल हे लाल किल्ल्यातील गाजलेल्या खटल्यातील तीन आरोपींपैकी एक. नोव्हेंबर १९४५ मध्ये सुरू झालेल्या या खटल्यात भुलाभाई देसाईंनी त्यांची बाजू मांडली होती. शिक्षा झाली, पण देशभर उसळलेल्या लोकक्षोभापुढे सरकारला ती माफ करावी लागली. मार्च १९४७ मध्ये लाहोरला लक्ष्मी आणि प्रेम यांचा विवाह झाला. पाचच महिन्यांनी लाहोर दुसऱ्या देशात गेले.

स्वातंत्र्य आले, पण आझाद हिंद सेनेच्या लोकांना स्वतंत्र भारताच्या सैन्यात परत घेतले गेले नाही. कर्नलसाहेबांनी कानपूरच्या कापड गिरणीत नोकरी धरली. संसार कानपूरला मांडला गेला. तिथून वीस-पंचवीस किलोमीटरवर गंगाकाठी बिठूर आहे. हे तेच बिठूर, जिथे दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाला राहिलेल्या मोरोपंतांची मणिकर्णिका नानासाहेबांबरोबर वाढली. जिच्या नावाच्या पलटणीचे आपण नेतृत्व केले, तिच्या बालपणीच्या गावाशेजारी कॅप्टन लक्ष्मींचे उरलेले सारे आयुष्य गेले.

कानपुरात फाळणीचे निर्वासित येत होते. त्यात आजारी होते, गरोदर बायका होत्या. डॉ. लक्ष्मींनी पुन्हा स्टेथास्कोप हातात घेतला. हिंदू-मुसलमान दोघांचा त्यांच्यावर विश्वास बसला. त्यांना दोन मुली झाल्या. थोरलीचे नाव ठेवले सुभाषिनी. त्या नावात कुणाची आठवण आहे, हे सांगायला नको. याच सुभाषिनी अली पुढे कानपूरच्या खासदार झाल्या.

या काळातील त्यांच्या कामाला पदक नाही, मानवंदना नाही. प्रसूतितज्ज्ञ डॉक्टरचे काम ज्यांनी घरात पाहिले आहे, त्यांना ते कळेल. बाळंतपण रात्र पाहत नाही की सणवार पाहत नाही. एखाद्या वस्तीतून रात्री बोलावणे येते, अडलेली बाई असते, बाहेर घाबरलेला नवरा आणि देवाचा धावा करणारी सासू असते. सकाळी बाळ रडले की सारे जण बाळाकडे धावतात आणि डॉक्टरीण हात धुऊन घरी जाते. हे एकदा नव्हे, दहादा नव्हे, साठ वर्षे करत राहणे! रणांगणावर धैर्य लागते, ते काही तासांचे, काही दिवसांचे. हे धैर्य रोज सकाळी नव्याने गोळा करावे लागते. त्याला आपल्याकडे धैर्य म्हणण्याची पद्धत नाही, एवढेच.

पुन्हा पुन्हा आघाडीवर

तशी आघाडी त्यांना अधूनमधून बोलावतच राहिली. १९७१ मध्ये बांगलादेशातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालात आले. ५६ वर्षांच्या डॉ. लक्ष्मी कलकत्त्याकडे निघाल्या आणि सीमेजवळच्या छावण्यांत काही आठवडे राबल्या. त्याच सुमारास त्या मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षात आल्या. १९८१ मध्ये अखिल भारतीय जनवादी महिला संघटना स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत त्या होत्या. त्यांचे राजकारण सर्वांना पटायचे असे नाही. पटावे असा त्यांचा आग्रहही नसावा. पण त्यांचे विचार आणि त्यांचे वागणे यांत अंतर शोधू पाहणाऱ्याला ते सापडत नाही.

१९८४ ची अखेर आठवा. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर दिल्लीप्रमाणेच कानपुरातही शिखांवर हल्ले झाले. सत्तरी गाठलेल्या डॉ. लक्ष्मी रस्त्यावर उतरल्या आणि जमावासमोर उभ्या राहिल्या. त्यांच्या दवाखान्याच्या गजबजलेल्या परिसरात एकाही शिखाच्या घरादाराला, दुकानाला हात लागू दिला नाही. या वेळी हातात रायफल नव्हती, अंगावर गणवेश नव्हता. जमावातील काही जणांचा जन्मच कदाचित त्यांच्या हातून झाला असेल!

त्यानंतर महिन्याभरातच भोपाळची वायुगळती झाली. तिथे वैद्यकीय पथक घेऊन त्या गेल्या. विषारी वायूचे गरोदर बायकांवर दूरवर काय परिणाम होतील, हा प्रश्न त्यांनी मांडला. प्रसूतितज्ज्ञाला सुचणारच असा, पण एरवी मृतांच्या आकड्यांच्या गर्दीत हरवणारा हा प्रश्न. १९९६ मध्ये बंगळूरला विश्वसुंदरी स्पर्धेविरुद्ध निदर्शने करताना त्यांना अटक झाली, तेव्हा त्या ८२ वर्षांच्या होत्या. आपल्या घरातील ८२ वर्षांच्या आजीला पोलीस व्हॅनमध्ये चढताना डोळ्यांसमोर आणून पाहा!

१९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. २००२ मध्ये डाव्या पक्षांनी राष्ट्रपतिपदासाठी त्यांना उभे केले. समोर डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम. निकाल काय लागणार, हे सर्वांना ठाऊक होते. कलामांच्या मतांचे मूल्य ९,२२,८८४ भरले, त्यांच्या मतांचे १,०७,३६६. यात एक गंमतीची गोष्ट आहे. कलाम ज्यांना आपले गुरू मानत, ते विक्रम साराभाई हे डॉ. लक्ष्मींच्या धाकट्या बहिणीचे, नृत्यांगना मृणालिनी साराभाईंचे, पती! हरणारी लढाई लढल्याचे त्यांना काही वाटले नसावे. आयुष्यातली पहिली मोठी लढाईही त्यांनी हरलेलीच पाहिली होती आणि त्या हरलेल्या लढाईने देशाला काय दिले, तेही पाहिले होते.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘साथिया’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. त्याचे दिग्दर्शक शाद अली हे सुभाषिनींचे चिरंजीव, म्हणजे कॅप्टन लक्ष्मींचे नातू. आजी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवते आणि नातवाचा पहिला चित्रपट पडद्यावर येतो, हे एकाच घरात, एकाच वर्षात. आणि या साऱ्या धामधुमीनंतरही आजींचा दवाखाना सुरूच!

जुलै २०१२ मध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि चार दिवसांनी त्या गेल्या. त्यांचा देह कानपूरच्या गणेश शंकर विद्यार्थी वैद्यकीय महाविद्यालयाला अभ्यासासाठी देण्यात आला. गणेश शंकर विद्यार्थी हे १९३१ च्या कानपूर दंगलीत माणसांना वाचवता वाचवता मारले गेलेले पत्रकार. १९८४ मध्ये जमावापुढे उभ्या राहिलेल्या बाईंनी शेवटी त्यांच्याच नावाच्या वास्तूत जावे, हेही योग्यच झाले.

नाव नसलेल्या आज्या

कॅप्टन लक्ष्मींची गोष्ट आपल्याला कळली, कारण त्यांनी आत्मकथन लिहिले, अमेरिकन इतिहासकार पीटर वॉर्ड फे यांनी सहगल दांपत्याच्या आठवणींच्या आधारे आझाद हिंद सेनेवर ग्रंथ लिहिला, वृत्तपत्रांनी मुलाखती घेतल्या. पलटणीतल्या आणखी थोड्या जणींची नावे ठाऊक आहेत. जानकी थेवर यांनी अठराव्या वर्षी घर सोडले आणि पुढे मलेशियाच्या सार्वजनिक जीवनात मानाचे स्थान मिळवले. भारताने २००० साली त्यांना पद्मश्री दिली. रसम्मा भूपालन सोळाव्या वर्षी पलटणीत आल्या, पुढे शिक्षिका झाल्या आणि शिक्षिकांना पुरुषांइतके वेतन मिळावे म्हणून लढल्या. पण रबराच्या मळ्यांतून आलेल्या त्या शेकडो मुलींचे काय झाले? युद्ध संपल्यावर त्यातल्या किती तरी जणी परत मळ्यात गेल्या असतील. चीक गोळा केला असेल, लग्ने झाली असतील, पोरे झाली असतील, नातवंडे झाली असतील. त्या नातवंडांपैकी कितींना ठाऊक असेल, की चुलीपुढे बसलेली आपली आजी कधी काळी संगीन लावलेली रायफल घेऊन कूच करत होती?

३० मे २०२५ रोजी पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून १७ मुलींची पहिली तुकडी मुलांच्या बरोबरीने संचलन करत बाहेर पडली. ते दृश्य पाहताना अनेकांचे डोळे पाणावले. वॉटर्लू स्ट्रीटवरच्या त्या छावणीला तेव्हा ८१ वर्षे उलटून गेली होती. या मुलींच्या वाटेवर आधी कुणीतरी चालून गेले होते, आणि तेही पगाराच्या, बढतीच्या, निवृत्तिवेतनाच्या कसल्याही हमीशिवाय.

आपल्या घरातील प्रत्येक आजी काही सैनिक नसते. पण प्रत्येक आजी आपल्या जन्माआधी कुणीतरी असते. बेचाळीसच्या चळवळीत पत्रके पोहोचवणाऱ्या, गोवामुक्तीच्या सत्याग्रहींना भाकऱ्या बांधून देणाऱ्या, ७२ च्या दुष्काळात खडी फोडून घर जगवणाऱ्या बायका आपल्याच घरांतून होत्या. त्या बोलल्या नाहीत, कारण त्यांना कुणी विचारले नाही. आपण त्यांना विचारले ते लोणच्याच्या मिठाचे प्रमाण आणि बाळाच्या पोटदुखीवरचा उपाय. ते विचारलेच पाहिजे. पण तेवढ्यावर थांबू नये.

आज रविवार आहे. जेवणे झाल्यावर घरात जरा निवांतपणा असेल. ज्यांच्या घरी आजी आहे, त्यांनी आज तिच्याजवळ बसावे. ट्रंकेच्या तळाशी एखादा पिवळा पडलेला फोटो असेल तर तो काढायला सांगावे आणि विचारावे, “आजी, आम्ही नव्हतो तेव्हा तू काय करत होतीस?” सुरुवातीला ती म्हणेल, “माझं काय रे, काही नाही.” तेव्हा उठायचे नाही. बसून राहायचे.